आधी पाटी वाच, मग पाण्यात उतर

अगं, डार्विनची तिकिटं काढलीस आणि झोप उडवून घेतलीस, असं दिसतंय. मगरींची भीती, मुलांची काळजी, सासूबाईंचे गुडघे, घालायचं काय, खायचं काय, आणि वर तुला स्वतःला पोहता येत नाही ही रुखरुख. सगळं एकाच वेळी डोक्यावर घेतलंस की असंच होणार. बस बघू शांत. मेलबर्नमध्ये नोकरी, घर आणि दोन मुलांच्या शाळा सांभाळणारी बाई आहेस तू. उत्तर ऑस्ट्रेलियातली पाण्याची चार-पाच ठिकाणं तुला काही जड नाहीत. फक्त काळजी कुठे करायची आणि कुठे सोडून द्यायची, एवढं नीट समजून घे.

पहिली गोष्ट, जुलै निवडलास ते फार छान केलंस. तिकडे मेलबर्नसारखा हिवाळा नसतो. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा, असा ढोबळ हिशोब. तिथल्या काकाडू उद्यानाच्या भागातले मूळ रहिवासी बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात आणि तू जातेस तो त्यांचा 'वुर्गेंग', म्हणजे थंड हवेचा. थंड म्हणजे काय, तर डार्विनला दुपारी तीस-एकतीस अंश आणि पहाटे वीसच्या आसपास. कॅथरीनकडे आत गेलीस की पहाटे तेरा-चौदापर्यंत उतरतं, म्हणून प्रत्येकाचा एक स्वेटर घे. आकाश निरभ्र, रस्ते उघडे, धबधब्यांखालचे डोह शांत. हेच जानेवारीत गेली असतीस तर अर्ध्याहून अधिक जागा बंद मिळाल्या असत्या.

आता समुद्राचं आधीच सांगते, कारण मुलं पहिल्याच दिवशी हट्ट धरतील. डार्विनचा समुद्र दिसायला सुरेख निळा-हिरवा आहे, पण आपण त्यात उतरायचं नाही. तिथे मगरी असतात. साधारण ऑक्टोबर ते मे या काळात बॉक्स जेलीफिश असतात, ज्यांचा डंख जीवघेणा ठरू शकतो, आणि बाकीच्या महिन्यांतही त्या अगदीच नसतात असं नाही. म्हणूनच तिकडची माणसं सुट्टीच्या दिवशी समुद्राकडे पाठ फिरवून आत, जमिनीकडे जातात. झऱ्यांचे डोह, धबधब्यांखालची कुंडं, कोमट पाण्याचे उगम, हीच त्यांची चौपाटी. तूही तेच कर.

आणि मगर. खरं सांगू का, तुझी भीती खोटी नाही, पण ती योग्य जागी ठेवली की पुरे. तिकडे दोन जाती आहेत. एक गोड्या पाण्यातली, अरुंद लांब तोंडाची, मासे खाणारी आणि माणसाला बुजणारी. तिला डिवचलं नाही तर ती सहसा वाटेला जात नाही. दुसरी खाऱ्या पाण्यातली, पाच मीटरच्याही पुढे वाढणारी, आणि तीच खरी धोक्याची. आपल्या सांगलीत कृष्णेकाठी किंवा चिपळूणला वाशिष्ठीत दिसते ती मगर वेगळी. ही ओडिशातल्या भितरकनिकाच्या जातीची. नाव खाऱ्या पाण्याचं असलं तरी नदीतून किती तरी किलोमीटर आत, अगदी गोड्या पाण्यात ती जाते आणि तिथेच राहते. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने ती संपत आली होती. 1971 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विनच्या प्रांतात, तिला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा काही हजारच उरल्या होत्या. आज ती संख्या लाखाच्या घरात आहे. म्हणजे पाणी नितळ दिसतंय, तळ दिसतोय, काठावर कुणी नाही, यावरून काहीही ठरवायचं नाही.

मग ठरवायचं कशावरून? पाटीवरून. पाऊस संपला की पार्कचे रेंजर प्रत्येक डोहाची तपासणी करतात. रात्री विजेरीच्या झोतात मगरीचे डोळे चमकतात का ते बघतात, सापळे लावतात, पाण्यात तरंगते गोळे सोडतात आणि त्यांवर दातांच्या खुणा उमटतात का ते पाहतात. खात्री पटली की मगच ती जागा पोहण्यासाठी उघडी होते. वर्षानुवर्षं चालत आलेलं काम आहे हे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण निसर्गाला शंभर टक्के कुलूप लावता येत नाही. 2023 च्या जुलैमध्ये, म्हणजे ऐन कोरड्या काळात, लिचफिल्ड उद्यानातल्या वाँगाय फॉल्सच्या डोहात एका पर्यटकाला खाऱ्या पाण्यातल्या मगरीने चावा घेतला. तो वाचला, मगर पकडली गेली आणि तपासणीनंतर डोह पुन्हा उघडला. हे सांगते ते तुला घाबरवायला नाही. आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर 'उघडं' की 'बंद' हे बघायचंच, आणि तिथे पोचल्यावर पाटी पुन्हा वाचायची, एवढ्यासाठी सांगते. पाटी नसलेल्या पाण्यात पाय बुडवायला, मासे बघायला, भांडं धुवायलासुद्धा जायचं नाही. काठापासून पाच मीटर लांब राहायचं. हा नियम मोडायला लावणारा कुणी 'काही होत नाही' वाला भेटलाच, तर त्याला पाण्याचा अनुभव असेल, पण तुझ्या मुलांची जबाबदारी त्याच्यावर नाही, हे लक्षात ठेव.

बघ, एवढं एकदा पक्कं केलंस की पुढे सगळी मजाच आहे. आता क्रम सांगते आणि तो बदलू नकोस.

सुरुवात बेरी स्प्रिंग्जपासून कर. डार्विनपासून साधारण पन्नास किलोमीटर, गाडीने तासाच्या आत. झऱ्याच्या पाण्याचे एकाला एक जोडलेले डोह, वर झाडांची गर्द सावली, पाण्यात उतरायला पायऱ्या, शेजारी बसायला हिरवळ आणि स्वच्छतागृहं. दुसऱ्या महायुद्धात, 19 फेब्रुवारी 1942 ला जपानने डार्विनवर बॉम्ब टाकले. त्यानंतर या भागात मोठ्या संख्येने तैनात झालेल्या सैनिकांसाठी इथे विश्रांतीची जागा केली होती. थकल्या माणसांसाठीच ती निवडली होती, म्हणून तुलाही पहिल्या दिवशी तीच. सासूबाई पायरीवर बसतील, मुलांची भीड चेपेल आणि कुणाला पाण्याची किती सवय आहे, हे तुझ्या लक्षात येईल. शेजारीच टेरिटरी वाइल्डलाइफ पार्क आहे. पोहून झाल्यावर उरलेला दिवस तिथे जातो.

दुसरा दिवस लिचफिल्ड राष्ट्रीय उद्यानाचा. डार्विनपासून बॅचलर गावावरून दीडेक तास लागतो. तिथले धबधबे कोरड्या महिन्यांतही आटत नाहीत, याचं कारण फार सुंदर आहे. वरचं पठार वालुकाश्माचं. पावसाळ्यात तो खडक पाणी पोटात धरतो आणि मग माठासारखा वर्षभर पाझरत राहतो. त्या पाझरावरच खालचे डोह जिवंत आहेत.

इथे चार नावं ऐकशील. ब्यूली रॉकहोल म्हणजे दगडांत कोरलेली लहान-मोठी कुंडं, पायरीपायरीने उतरत गेलेली. मुलांना हीच जागा सगळ्यात आवडते. पण दगड शेवाळलेले असतात आणि एका कुंडातून दुसऱ्यात पडणाऱ्या पाण्याला ओढ असते. रुंद, संथ कुंड निवड आणि मुलांना अरुंद तोंडाशी जाऊ देऊ नकोस. दुसरा फ्लॉरेन्स फॉल्स. तिथे खालच्या डोहापर्यंत बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात आणि अर्थात चढाव्याही लागतात. सासूबाईंना वरच्या सज्जातून धबधबा छान दिसतो. खाली न्यायचा आग्रह धरू नकोस. तिसरा वाँगाय. डोह मोठा, धबधबे देखणे, गाडीतळापासून जवळ, चाकाच्या खुर्चीलाही सोयीचा रस्ता आणि खाण्यापिण्याची सोय. मात्र मधे खूप खोल आहे, तेव्हा न पोहणाऱ्यांनी काठ सोडायचा नाही. चौथा टोल्मर फॉल्स, तो फक्त बघायचा. तिथल्या गुहांमध्ये घोस्ट बॅट आणि ऑरेंज लीफ-नोज्ड बॅट ही दुर्मीळ वटवाघळं राहतात, म्हणून खाली जायला मनाई आहे. एका दिवसात चारही ठिकाणी उतरायचा हट्ट नको गं. ब्यूली आणि वाँगाय, दोन पुरेत. वाटेत दोन मीटर उंचीची वारुळं लागतील, सगळी उत्तर-दक्षिण उभी. वाळवी ती अशी बांधते की दुपारचं ऊन त्यांच्या पातळ कडेवर पडावं आणि आत फार तापू नये. मुलांना तिथे गाडी थांबवून दाखव.

मग कॅथरीन. डार्विनपासून सव्वातीनशे किलोमीटर, सरळ स्टुअर्ट हायवे. तुझा नवरा म्हणेल, 'रात्री जेवून निघू, सकाळपर्यंत पोचू.' स्पष्ट नाही म्हण. अंधार पडला की कांगारू, मोकाट गुरं, कधी रानरेडेही रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीचा विमा बऱ्याचदा शहराबाहेर रात्री लागू होत नाही. करारातलं ते कलम वाचून घे. दिवसाच निघा. या रस्त्यावर मोठ्या पट्ट्यात वेगमर्यादा ताशी 130 आहे, पण तेवढं पळवायचं बंधन नाही. तीन-चार डबे जोडलेले ट्रक भेटतील, रोड ट्रेन म्हणतात त्यांना, लांबी पन्नास मीटरच्याही वर. त्यांना ओलांडायची घाई नको. ॲडलेड रिव्हर आणि पाइन क्रीक या गावांत पेट्रोल मिळतं. टाकी अर्धी झाली की भरायची. गावांच्या मध्ये फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेव आणि गाडीत पाण्याचे मोठे कॅन ठेव.

कॅथरीनच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर डावीकडे फाटा फुटतो, तो लेलिनचा. एडिथ फॉल्स असंही म्हणतात. हे निटमिलुक राष्ट्रीय उद्यानात आहे. ही जमीन जावोयन लोकांची. 1989 मध्ये ती त्यांना परत मिळाली आणि आता उद्यान ते सरकारबरोबर मिळून चालवतात. खाली प्रशस्त डोह, काठावर केवड्याच्या कुळातली पँडॅनसची झाडं; कोकणातली असशील तर पानं बघून लगेच ओळखशील. वरच्या डोहांकडे जायला 2.6 किलोमीटरची गोल पायवाट आहे, थोडी चढाची. थोरली आणि तिचे बाबा वर जाऊ देत, तू धाकट्याला आणि सासूबाईंना घेऊन खाली थांब, किंवा उलट कर. मला उलटच आवडेल. पुढे सांगते का ते.

कॅथरीन गावातच, नदीच्या काठाला, कॅथरीन हॉट स्प्रिंग्ज आहेत. 'हॉट' म्हटलं म्हणून वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्यासारखं कढत पाणी डोळ्यांपुढे आणू नकोस. इथे पंचवीस ते तीस अंशांचं, सुखद कोमट. पहाटेच्या गारव्यात उतरलीस तर खरी गंमत. सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते.

आणि मग मॅटरँका, कॅथरीनच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर. ही जागा मला सगळ्यांत जवळची. पावसाचं पाणी जमिनीखालच्या चुनखडकात मुरतं, फार लांबून भूगर्भातून वाहत येतं आणि इथे वर उसळतं. मॅटरँका थर्मल पूलला पाणी पुरवणाऱ्या रेनबो स्प्रिंगमधून दिवसाला सुमारे 3 कोटी 5 लाख लिटर पाणी बाहेर पडतं, वर्षभर 34 अंशांचं. आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा कमी, त्यामुळे तासभर बसलीस तरी ना घाम फुटतो ना हुडहुडी भरते. चहूकडे उंच ताडांचं बन, तळाला वाळू, धरायला बांधलेली कड. ज्या सासूबाईंना थंड पाण्यात पाऊल टाकवत नाही, त्यांच्यासाठी ही जागा म्हणजे सुखच. फक्त बाहेर येताना एकदम उठू देऊ नकोस. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चक्कर येऊ शकते. पायरीवर दोन मिनिटं बसव, पाणी पाज, मग हात धरून वर काढ. कधी कधी त्या ताडांवर तांबूस वटवाघळांचे थवे उतरतात आणि वास येतो. तसं झालं तर नाक मुरडत परतू नका, जवळच बिटर स्प्रिंग्ज आहे. तिथे पाणी निळसर, काचेसारखं आणि वाहतं. लोक फोमच्या लांब नळ्या काखेत घेतात आणि प्रवाहाबरोबर अलगद तरंगत जातात, ठरलेल्या जागी बाहेर पडून पायवाटेने पुन्हा वर येतात. मुलं कंटाळेपर्यंत हेच करतील.

मेलबर्नकर म्हणून तुला एक सांगावंसं वाटतं. 1902 मध्ये जेनी गन नावाची नवी लग्न झालेली शिक्षिका तुझ्याच शहरातून निघून मॅटरँकाजवळच्या एल्सी या गुरांच्या मोठ्या तळावर आली. वर्षभरातच नवरा गेला आणि ती परतली. तिने त्या दिवसांवर 1908 मध्ये पुस्तक लिहिलं, ते ऑस्ट्रेलियात घरोघरी पोचलं. त्या पुस्तकावरच्या 1982 च्या चित्रपटासाठी बांधलेली तिच्या घराची प्रतिकृती थर्मल पूलजवळच आहे. अवघड प्रदेशात अनोळखी बाई कशी उभी राहते, हे तिथे उभं राहून जास्त कळतं.

जुवालिन, म्हणजे डग्लस हॉट स्प्रिंग्ज, हे नाव तुला कुणीतरी सांगेल. तिथे उगमाजवळ पाणी साठ अंशांच्या आसपास असतं, भाजतं. थंड प्रवाह मिसळतो तिथेच, आणि हाताने अंदाज घेऊनच, बसता येतं. लहान मुलांबरोबर या खेपेला ते नको. शिवाय ती वागिमन लोकांची पवित्र जागा आहे, विशेषतः तिथल्या बायकांची. गेलीस कधी, तर जिथे जाऊ नका म्हटलंय तिथे जायचं नाही आणि दगड-शिंपले उचलून आणायचे नाहीत. हे सगळ्याच डोहांना लागू. आपण गंगेच्या घाटावर वागतो तसंच वागायचं, आणखी काही नको. काकाडूही या खेपेला सोड. वीस हजार चौरस किलोमीटरचं उद्यान दोन दिवसांत उरकायचं नसतं.

आता तब्येतीचं ऐक, कारण हे कुणी सांगत नाही. केरळमधल्या 'मेंदू खाणाऱ्या अमीबा'च्या बातम्या तू वाचल्या असशील. नेग्लेरिया फाउलेरी त्याचं नाव, आणि हा रोग 1965 मध्ये ओळखला गेला तो ऑस्ट्रेलियातच, ॲडलेडला. कोमट गोड्या पाण्यात हा अमीबा असू शकतो. रोग फार दुर्मीळ आहे आणि पाणी पोटात गेलं तर होत नाही. नाकात जोरात शिरलं तरच धोका. म्हणून कोमट पाण्यात डोकं बुडवायचं नाही, सूर मारायचा नाही, एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवायचं नाही. मुलांना नाकाची चिमटी घेऊन दे. एवढी सवय लावलीस की हा विषय संपला.

दुसरी गोष्ट सासूबाईंच्या साखरेची. त्या भागातल्या माती-चिखलात मेलिऑइडोसिसचे जिवाणू असतात. धोका पावसाळ्यात जास्त आणि मधुमेह असलेल्यांना सर्वाधिक. जुलैत काळजी कमी, तरी त्यांना अनवाणी चालू देऊ नकोस, पायाला चीर असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लाव. आणि परतल्यावर कुणाला ताप किंवा खोकला आला, तर डॉक्टरांना 'आम्ही डार्विनकडे गेलो होतो' हे आपणहून सांग. वटवाघूळ खाली पडलेलं दिसलं तर कुणीही हात लावायचा नाही. झाडांवर हिरव्या पोटाच्या मुंग्या दिसतील. कोकणात आंब्यावर पानं शिवून घरटी करतात ना, त्यांचीच जात. टॉवेल त्या फांदीवर टाकू नकोस, म्हणजे झालं.

कपड्यांचं तू मोकळेपणी विचारलंस ते बरं केलंस. बघ, तिथे तुझ्याकडे कुणी बघत नाही. उन्हामुळे निम्मी माणसं पूर्ण बाह्यांचा रॅश गार्डच घालतात. तूही तसाच घे आणि खाली पोहण्याची लेगिंग. सासूबाईंनाही तेच, त्यांच्या मापाचं. सुती पंजाबी ड्रेस, ओढणी, साडी पाण्यात नको. पाणी पिऊन जड होतात, पायात अडकतात आणि हेच खरं धोक्याचं असतं. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण घरीच ठेव. कॉन्टॅक्ट लेन्स काढून पाण्यात उतर. पाळी आली तर? तर काय, आली. पॅड पाण्यात कामाचं नाही. कप वापरत असशील तर तो, किंवा पाळीसाठीचा पोहण्याचा पोशाख मिळतो तो. घरी चार माणसांत सांगावं लागत नाही आणि सुट्टीही वाया जात नाही.

आणि पोहता न येण्याचं. याबद्दल लाजू नकोस, पण ते लपवूही नकोस. ऑस्ट्रेलियात बुडून मरण पावणाऱ्या परदेशी जन्माच्या लोकांत भारतीय बरेच असतात, हे रॉयल लाइफ सेव्हिंगचे अहवाल वारंवार सांगतात. नैसर्गिक डोहांवर जीवरक्षक नसतात. म्हणून मापाची, मान्यताप्राप्त लाइफ जॅकेटं घे, मुलांना आणि तुलाही. फोमच्या नळ्या, फुगवायच्या चकत्या या खेळायला असतात, जीव वाचवायला नाहीत. धाकटा पाण्यात असेल तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, फोन खाली ठेवून. पाळ्या लावा: अर्धा तास तू, अर्धा तास नवरा. 'सगळेच बघतायत' म्हणजे कुणीच बघत नसतं. कड्यावरून उडी नाही, कुणी कितीही टाळ्या वाजवल्या तरी. आणि हो, दारूचा कॅन हातात असलेल्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही, मग तो घरचा असो की दारचा.

डब्याची चिंता करू नकोस. बर्फाची पेटी घे, तीत दही-भात, काकडी, कापलेली कलिंगडं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस आरामात टिकतात. कॅथरीनला मोठं सुपरमार्केट आहे, तिथून पुढचं भर. उरलेलं अन्न पाण्याच्या काठी टाकायचं नाही. मगरींना तिथे यायची सवय लागते.

आता मघाशी ठेवलेला मुद्दा. किती सहलींत मी हेच बघते. आपल्या बायका सगळी जमवाजमव करतात, मुलांना सनस्क्रीन लावतात, टॉवेल उन्हात घालतात, आणि स्वतः मात्र पिशव्या राखत काठावर बसून राहतात. 'मला काय, तुम्ही जा.' सुट्टी संपते आणि केस कोरडेच. मला हे मनापासून खटकतं गं. एवढा अभ्यास तू कशासाठी करते आहेस? ऋतू, पाटी, जॅकेट, गाडी, हे सगळं जमवल्यावर त्या पाण्यात बसण्याचा पहिला हक्क तुझाच आहे. म्हणून लेलिनला वरच्या डोहाकडे तू जा म्हटलं. म्हणून मॅटरँकाला सकाळी सगळे उठायच्या आत तासभर तुझा. पोहता येत नाही? कड धर, बस. 34 अंशांच्या पाण्यात माणसाला काहीही सिद्ध करायचं नसतं.

तर या आठवड्यात तीन कामं. कॅथरीन आणि मॅटरँकाच्या खोल्या आज राखून ठेव, जुलैत झटपट भरतात. टेरिटरीबाहेरच्या पाहुण्यांना 2023 पासून पार्क पास लागतो, तो ऑनलाइन काढ. आणि जवळच्या पोहण्याच्या तलावात फक्त बायकांची वेळ असते का ते विचार आणि नाव घाल. तरंगायला आणि काठापर्यंत यायला शिकायला निघेपर्यंतचा वेळ पुरेसा आहे. पिशव्या राखायचं काम नवऱ्याकडे. त्याला आजच सांगून टाक, तिथे गेल्यावर वाद नको.